गायीच्या खुरांचे बूट, फोर्डची व्ही-एट आणि मक्याची दारू

आरोपी घरात, माल घरात, गिऱ्हाइकांची ये-जा दिवसाढवळ्या. तरीही अटक होत नाही! अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, हॅनकॉक काउंटीतल्या न्यूमन्स रिज या डोंगरावर राहणाऱ्या महाला मुलिन्सनं एकोणिसाव्या शतकात सरकारला असं हतबल केलं होतं. ती घरची दारू विकायची आणि तिचा देह इतका अवाढव्य होता, की लाकडी घराच्या दारातून तिला बाहेर काढणंच अशक्य. वॉरंट घेऊन गेलेला अधिकारी हात हलवत परत आला आणि त्यानं सांगितलं, की बाई पकडता येते, पण आणता येत नाही! तिच्या वजनाचे आकडे प्रत्येक सांगणाऱ्याबरोबर वाढत गेले, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नये. तिला हत्तीरोग असावा असं मानतात. डझनाहून जास्त मुलांची ही आई १८९८मध्ये वारली, आणि तिचं घर आज वार्डी खोऱ्यात जपून ठेवलेलं आहे.

अपलेचियाच्या डोंगररांगांमध्ये अशा चोरट्या दारूला मूनशाइन म्हणतात आणि ती गाळणाऱ्याला मूनशाइनर. सिनेमांनी या माणसाचा फाटक्या टोपीतला, बंदूकधारी विदूषक करून टाकला. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा डोंगरउतारावरचा अल्पभूधारक शेतकरी होता, आणि तांब्याच्या भांड्याचं काम, आंबवण्याचं गणित, पाण्याची पारख आणि पुढे मोटारीचं इंजिन या सगळ्यांत वाकबगार होता. त्याच्या या हुन्नराचे किस्से ऐकण्यासारखे आहेत.

घोड्याच्या पाठीवरचं अर्थशास्त्र

डोंगरात मका भरपूर पिकायचा, पण बाजार दूर आणि रस्ते नावालाच. ओझ्याच्या एका घोड्यावर साधारण ४ बुशेल धान्य लादता येई. तेच धान्य गाळून दारू केली, तर त्याच घोड्यावरून २४ बुशेल धान्याचा ऐवज बाजारात जाई. शिवाय दारू कुजत नाही, तिला उंदीर लागत नाहीत आणि रोकड नसलेल्या मुलखात ती पैशासारखी चालते. भट्टी म्हणजे त्या शेतकऱ्याचा प्रक्रिया उद्योग होता. हे ध्यानात आलं, की करावरून तो बंदूक का उचलतो तेही कळतं.

कर आला १७९१मध्ये. स्वातंत्र्ययुद्धाची कर्जं फेडायला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टननं व्हिस्कीवर अबकारी बसवली. पश्चिम पेनसिल्व्हेनियातले शेतकरी पेटून उठले, वसुली अधिकाऱ्यांना डांबर फासून पिसं चिकटवण्यापर्यंत मजल गेली. १७९४मध्ये जॉर्ज वॉशिंग्टननं सुमारे १३ हजारांची फौज उभी केली आणि तिच्याबरोबर वाटेत काही अंतर तो स्वतः गेला. बंडवाले पांगले. दोघांना राजद्रोहाची शिक्षा झाली, आणि वॉशिंग्टननं दोघांनाही माफी दिली.

गोष्ट इथेच संपत नाही. राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावर याच वॉशिंग्टननं माउंट व्हर्नन या आपल्या मळ्यावर, जेम्स अँडरसन या स्कॉटिश व्यवस्थापकाच्या सांगण्यावरून, व्हिस्कीचा कारखाना काढला. १७९९मध्ये तिथे जवळपास ११ हजार गॅलन, म्हणजे ४० हजार लिटरांच्या वर व्हिस्की निघाली. देशातल्या सगळ्यात मोठ्या कारखान्यांपैकी तो एक होता. भट्ट्यांवर राबणारे सहा जण गुलाम होते, हेही सांगायलाच हवं. नफा वॉशिंग्टनचा, घाम त्यांचा.

राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या काळात, १८०२मध्ये, तो कर उठला. मधली मोजकी वर्षं सोडली, तर पुढची साठ वर्षं शेतकऱ्यानं बिनघोर दारू गाळली. मग यादवी युद्धाचा खर्च भागवायला १८६२मध्ये कर परत आला: गॅलनला २० सेंट. १८६५पर्यंत तो २ डॉलरवर पोचला. तीन वर्षांत दसपट! बाप-आजा जे उघड्यावर करत आले, ते एकाएकी गुन्हा ठरलं. भट्टी ओढ्याकाठच्या झाडीत शिरली ती तेव्हा.

आजी स्कॉटलंडची

ही विद्या अपलेचियात उगवली नव्हती. अल्स्टर आणि स्कॉटलंडहून आलेल्या वसाहतवाल्यांनी ती आणली, आणि सरकारी माणसाला चकवण्याची कलाही सोबत आणली. तिकडच्या दोन बायकांच्या आणि एका तांब्याच्या नळीच्या गोष्टी मला फार आवडतात.

स्पेसाइड भागात कार्डू इथे हेलन कमिंग ही शेतकरीण १८११च्या सुमारास नवऱ्याबरोबर चोरून व्हिस्की गाळायची. अबकारीवाले मुक्कामाला तिच्याच घरी उतरत, कारण जवळपास दुसरी सोय नव्हती. साहेब आले, की हेलन भट्टीची भांडीकुंडी झाकायची, हाताला पीठ लावून पाव भाजत असल्याचा देखावा करायची आणि त्यांना जेवायला बसवायची. ते जेवत असताना गोठ्यावर लाल निशाण चढे. खोऱ्यातल्या बाकीच्या भट्टीवाल्यांना इशारा मिळे. हेलनच्या सुनेनं, एलिझाबेथनं, पुढे हाच धंदा परवाना घेऊन वाढवला. १८९३मध्ये तो विकत घेतला जॉन वॉकर अँड सन्स यांनी. जॉनी वॉकरच्या बाटलीत या सासू-सुनेचा वाटा आहे.

नळीची गोष्ट अशी. चोरटी भट्टी दाखवून देणाऱ्याला सरकार ५ पौंड इनाम द्यायचं. भट्टीतला सगळ्यात महागडा भाग म्हणजे तांब्याची नागमोडी नळी. ती झिजली, की भट्टीवाला मोडकं सामान डोंगरात एखाद्या ठिकाणी मांडून ठेवी, स्वतःच चौकीवर जाऊन खबर देई, इनाम घेई आणि त्यातून नवी नळी आणी!

१८२३च्या कायद्यानं परवाना स्वस्त केला, आणि ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथनं १८२४मध्ये तो घेतला. शेजारचे चोरटे भट्टीवाले इतके खवळले, की हा माणूस कित्येक वर्षं कमरेला दोन पिस्तुलं लावून फिरत होता. त्याच्या आधी, १८२२मध्ये, राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा त्याला ग्लेनलिव्हेटचीच व्हिस्की हवी होती. त्या वेळी ती मिळायची फक्त चोरून.

भट्टी लपवायची कशी?

परत अपलेचियात. भट्टीला थंड वाहतं पाणी लागतं, म्हणून धाडवाले ओढ्याच्या काठानं वर चढत. धूर दिसतो, म्हणून भट्टीवाले कडक वाळलेलं लाकूड जाळत आणि पहाटेच्या अंधारात विस्तव करत. आंबलेल्या रसायनाचा वास लपवायला कोंबड्यांची खुराडी नाहीतर डुकरांचं आवार जवळ असलेलं बरं. डोंगराच्या पायथ्याशी अनोळखी माणूस दिसला, की घरातल्या बाईनं शिंग फुंकायचं.

आणि पावलांचे ठसे? १९२२मध्ये फ्लोरिडातल्या एका वर्तमानपत्रानं छापलं, की टँपा बंदराजवळ एक विलक्षण जोडा सापडला आहे. बुटाला बांधायच्या पट्टीखाली गायीच्या खुराच्या आकाराचे लाकडी ठोकळे! भट्टीकडे जाताना ते चढवले, की कुरणात उमटणार ते गायीचे माग. १९२४च्या सुमाराचं असल्या बुटाचं छायाचित्रही आहे. शेरलॉक होम्सच्या एका कथेत घोड्यांना गायीच्या खुरांचे नाल ठोकलेले आहेत, आणि भट्टीवाल्यानं कल्पना तिथून उचलली असावी असा तर्क त्याच बातमीत होता. माझा कल शेतकऱ्याच्या डोक्याकडे आहे. ज्याचा जन्म गुरांमागे गेला, त्याला खुरांचे ठसे कथेतून शिकावे लागत नाहीत.

बाटली हलवा, बुडबुडे बघा

मूळ कृती जुनी आहे: मक्याचं भरड पीठ, मोड आलेलं धान्य, पाणी, आंबवायचं, तापवायचं, वाफ थंड करायची. तांबं हवंच, कारण आंबवणातली गंधकाची दुर्गंधी ते ओढून घेतं. भट्टी आणि नळी यांच्यामध्ये एक लाकडी पिंप असे. त्यात वाफ शिरताना धप् धप् आवाज येई, आणि त्यातून दारू दुसऱ्यांदा गाळल्यासारखी कडक निघे.

मोजायला यंत्र नव्हतं. काचेच्या बरणीत दारू घेऊन हलवायची: बुडबुडे मोठे आणि झटकन फुटणारे, तर माल कडक, बारीक आणि रेंगाळणारे, तर नरम. जुन्या हाताला एवढं पुरे.

आपल्याकडे पिणारा ‘पहिल्या धारेची’ मागतो. अपलेचियातला जाणता भट्टीवाला पहिली धार ओतून देतो. त्यात अ‍ॅसिटोन, अ‍ॅल्डिहाइड अशी आधी उडणारी द्रव्यं असतात. मधली धार विकायची आणि शेवटची, पाणचट, पुढच्या घाण्यात परत घालायची. धार कुठे तोडायची, हे नाकानं ठरवायचं. हा गुण कुठल्याही पुस्तकातून येत नाही.

एका काउंटीनं खाल्लेली साखर

१७ जानेवारी १९२०पासून अख्ख्या अमेरिकेत दारूबंदी आली, ५ डिसेंबर १९३३पर्यंत टिकली, आणि डोंगरातल्या घरगुती धंद्याचा कारखाना झाला. सगळ्यात भव्य कारखाना होता व्हर्जिनियातली फ्रँकलिन काउंटी. लोकसंख्या जेमतेम २४ हजार. १९३५मध्ये तिथल्या दारूच्या कटाचा मोठा खटला चालला, आणि सरकारी वकिलांनी दारू मोजण्याऐवजी वाण्याची बिलं मोजली. कल्पना फार हुशारीची होती. चारेक वर्षांत काउंटीत साखर आली होती ३ कोटी ३८ लाख पौंड. म्हणजे तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत माणशी सहाशे किलोंहून जास्त! यीस्ट सुमारे ७० हजार पौंड. त्याच काळात कित्येक पट मोठ्या रिचमंड शहराला २ हजार पौंड पुरलं होतं. आणि पाच-पाच गॅलनचे पत्र्याचे डबे सहा लाखांच्या वर. डबे मुद्दाम अशा बनावटीचे, की ओतताना गुडगुड आवाज होऊ नये.

मक्याची जागा साखरेनं घेतली ती याच काळात. साखर लवकर आंबते, उतारा जास्त देते. चव गेली, खप वाढला. भट्ट्याही बदलल्या, फ्रँकलिनमध्ये लाकूड आणि पत्र्याच्या शेकडो गॅलनी पेट्या आल्या, त्यांना पाणबुडी म्हणत. जुन्या तांब्याच्या कारागिराला ही पेटी दाखवली असती, तर त्यानं मान फिरवली असती.

खटल्यात आरोप असा होता, की काउंटीतले अधिकारीच दर गाडीमागे हप्ता घेऊन संरक्षण देत होते. आरोपींत सरकारी वकील कार्टर ली होता, दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली याच्या घराण्यातला. तो निर्दोष सुटला, बऱ्याच इतरांना शिक्षा झाली. साक्षीदारांमध्ये सगळ्यांच्या नजरा खिळल्या त्या विली कार्टर शार्प या बाईवर. पाच वर्षांत लाखाहून जास्त गॅलन दारू तिनं मोटारीतून हाकली होती, बहुतेक वेळा पुढच्या ‘पायलट’ गाडीत बसून, मागचा ताफा सांभाळत. तिच्या दातांत हिरे होते अशी वदंता होती. कादंबरीकार शेरवूड अँडरसन या खटल्याला हजर होता आणि १९३६मधली त्याची ‘किट ब्रँडन’ ही कादंबरी तिच्यावरूनच सुचली. याच काउंटीतल्या बाँडुरंट भावांवर त्यांच्या नातवानं कादंबरी लिहिली, आणि तिच्यावरून २०१२मध्ये ‘लॉलेस’ हा सिनेमा आला.

पोलिसांपुढे पळता पळता एक खेळ जन्मला

दारू गाळली, आता शहरात पोचवायची. रात्र, कच्चे वळणदार रस्ते, दिवे बंद, मागे सरकारी गाडी. १९३२मध्ये फोर्डनं स्वस्तातल्या मोटारीत व्ही-एट इंजिन बसवलं आणि दारूवाहकांना घबाड मिळालं. १९४०ची फोर्ड कूप तर त्यांची सगळ्यात लाडकी: दिसायला साधी, डिकी मोठी, आणि इंजिनात हवी ती खटपट करता येणारी. डबे-बरण्या ठासून भरल्या, की गाडीचं बूड खाली बसतं आणि पोलीस ओळखतात. म्हणून मागे जाडजूड स्प्रिंगा घालत. भरलेली गाडी सरळ दिसे. रिकामी मात्र मागून उंच, आणि मग पोलीस तीही ओळखत.

दिवसा या पोरांमध्ये पैज लागे: कोणाची गाडी पळते? कुरणात फेऱ्या मारता मारता लोक बघायला जमू लागले. डिसेंबर १९४७मध्ये डेटोना बीचच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात बिल फ्रान्सनं बैठक बोलावली आणि १९४८च्या फेब्रुवारीत नॅसकार ही मोटार-शर्यतींची संस्था नोंदली गेली. तिच्या पहिल्या काळातल्या सगळ्यात यशस्वी संघाचा मालक होता अटलांटाचा रेमंड पार्क्स. पैसा दारूचा, त्यापायी तो तुरुंगातही जाऊन आला होता. त्याचा मेकॅनिक रेड व्होग्ट, ज्यानं ‘नॅसकार’ हे नाव सुचवलं. आणि त्याचा चालक रेड बायरन, युद्धात पाय जायबंदी झालेला हवाई दलाचा सैनिक. १९४९मध्ये नव्या मोटारींच्या गटाचं पहिलंवहिलं विजेतेपद त्यानंच जिंकलं.

त्या गटाची अगदी पहिली शर्यत १९ जून १९४९ला शार्लटला झाली. ग्लेन डनवे फोर्ड घेऊन पहिला आला. तपासणीत दिसलं, की गाडीच्या मागच्या स्प्रिंगा दारूवाहकांच्या पद्धतीनं कडक केलेल्या आहेत. बक्षीस काढून घेतलं आणि कॅन्ससच्या जिम रोपरला दिलं. गाडीचा मालक कोर्टात गेला, हरला.

पार्क्सचा नात्यातला भाऊ लॉइड सी हा या सगळ्यांत तेजस्वी होता, असं त्याला पाहिलेले सांगत. १ सप्टेंबर १९४१ला त्यानं अटलांटाच्या लेकवूड ट्रॅकवर मोठी शर्यत जिंकली. दुसऱ्या दिवशी नात्यातल्याच आणखी एका भावानं त्याला गोळी घातली. भांडण भट्टीसाठी उधारीवर घेतलेल्या साखरेचं. लॉइड एकवीस वर्षांचा होता. जॉर्जियातल्या डॉसनव्हिलमध्ये त्याच्या थडग्यावर त्याची मोटार कोरली आहे, आणि तिच्या खिडकीत त्याचा फोटो बसवला आहे.

आणि ज्युनियर जॉन्सन! नॉर्थ कॅरोलिनाच्या विल्क्स काउंटीतला, १९३१चा जन्म. रस्त्यावर तो कधीच सापडला नाही. १९५६मध्ये पकडला गेला तो पायी, वडिलांच्या भट्टीपाशी, आणि ओहायोतल्या चिलिकोथीच्या तुरुंगात ११ महिने राहिला. बाहेर येऊन त्यानं १९६०ची डेटोना ५०० ही शर्यत जिंकली. गाडी इतरांहून मंद होती. सराव करताना त्याच्या लक्षात आलं, की वेगवान गाडीच्या अगदी शेपटाला चिकटून चाललं, की पुढची गाडी हवा कापते आणि आपल्याला फुकट वेग मिळतो. आज प्रत्येक शर्यतीत दिसणारी ही युक्ती त्यानं तेव्हा अमलात आणली. ५० शर्यती जिंकल्या. १९६५मध्ये टॉम वुल्फनं ‘एस्क्वायर’मध्ये त्याच्यावर लिहिलेला लेख अमेरिकी पत्रकारितेत गाजला. १९८६च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. आपल्या सगळ्या चषकांपेक्षा ती मोलाची, असं तो सांगत असे; मताचा हक्क परत मिळाला होता.

जिथे हसू थांबतं

मक्याच्या नीट गाळलेल्या दारूनं सहसा माणसं पटापट मरत नाहीत. ती मरतात लोभानं. तांब्याच्या नळीऐवजी कोणी मोटारीचा रेडिएटर जोडला, की त्याच्या डाखातलं शिसं दारूत उतरतं. कोणी माल वाढवायला औद्योगिक मिथेनॉल ओततो. १९५१च्या ऑक्टोबरात अटलांटात असल्याच एका घाण्यानं तीसहून जास्त माणसं मारली, कित्येक आंधळी केली. बरणीतल्या दारूला काडी लावून निळी ज्योत बघण्याची परीक्षा इथे कामाची नाही. मिथेनॉलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसतच नाही.

दारूबंदीच्या काळात सरकारही निर्दोष नव्हतं. कारखान्यांचं अल्कोहोल लोकांनी पिऊ नये म्हणून त्यात विष मिसळायचे आदेश होते, ते १९२७च्या सुमारास आणखी कडक झाले. लोक पीत राहिले आणि मरत राहिले. न्यूयॉर्कचे मुख्य वैद्यकीय तपासनीस डॉ. चार्ल्स नॉरिस यांनी याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

हे आपल्याला परकं नाही. मुंबई इलाख्यात १९४९चा दारूबंदी कायदा आला आणि हातभट्ट्यांचं पेव फुटलं, गल्लोगल्ली आंटीचे अड्डे उभे राहिले. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली, तीही मिथेनॉलनं. उलट गोव्यात काजूची फेणी गावातली कुटुंबं परवान्यानं, उघड्यावर गाळतात, आणि २००९मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं.

कोपऱ्यावरच्या दुकानातली हिरवी बाटली

माउंटन ड्यू! टेनेसीतल्या नॉक्सव्हिलच्या बार्नी आणि अ‍ॅली हार्टमन या भावांनी १९४०च्या दशकात हे सरबत तयार केलं ते व्हिस्कीत घालायला. नाव म्हणजे डोंगरी दारूचं लाडकं टोपणनाव. जुन्या बाटल्यांवर अनवाणी, बंदूकवाला डोंगरी गडी रंगवलेला असे. १९६४मध्ये पेप्सीनं ते विकत घेतलं आणि हळूहळू गड्याला निवृत्त केलं.

गुन्हेगार ते ब्रँड

ही वाट जुनी आहे. लुइस रेडमंडनं १८७६मध्ये नॉर्थ कॅरोलिनात एका सरकारी अधिकाऱ्याला गोळी घातली, पाच वर्षं डोंगरांत फरारी राहिला, वर्तमानपत्रांनी त्याला मूनशाइनरांचा राजा केलं. १८८४मध्ये राष्ट्राध्यक्ष आर्थर यांनी त्याला माफी दिली, आणि मग हा राजा सरकारमान्य कारखान्यात व्हिस्की गाळू लागला.

आपल्या काळातला राजा म्हणजे मार्विन ‘पॉपकॉर्न’ सटन. पैसे गिळून पॉपकॉर्न न देणारं यंत्र त्यानं बिलियर्डच्या काठीनं बडवलं, तेव्हापासून हे नाव. लांब दाढी, जुनी फोर्ड मॉडेल-ए, स्वतः छापलेलं आत्मचरित्र आणि टीव्हीवरची प्रसिद्धी. प्रसिद्धीनंच घात केला. २००८मध्ये गुप्त अधिकाऱ्यानं त्याच्याकडून दारू विकत घेतली, १८ महिन्यांची शिक्षा झाली. आजारी असलेल्या सटननं तुरुंगात हजर व्हायच्या आधीच, मार्च २००९मध्ये, आयुष्य संपवलं. त्याच वर्षी टेनेसीनं कायदा बदलला आणि आधी मोजक्या तीन काउंट्यांपुरती असलेली दारू गाळायची मुभा आणखी अनेक काउंट्यांना खुली केली. २०१०मध्ये गॅटलिनबर्गला ओल स्मोकी हा परवानाधारक मूनशाइनचा कारखाना उघडला, आणि सटनच्या नावाची व्हिस्कीही परवान्यासह बाजारात आली. काही महिन्यांचाच फरक. मला तो फार लागतो.

घरी बिअर करायची परवानगी अमेरिकेत आहे. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८मध्ये तशी सही केली. वाइनही चालते. व्हिस्कीसाठी मात्र, एक बाटली का असेना आणि ती फक्त घरच्यांसाठी का असेना, केंद्रीय कायद्याच्या पुस्तकात पाच वर्षांपर्यंत कैद लिहिलेली आहे.